पट्टी वाळेपर्यंत

त्या दुकानात शिरलं की आधी माणसं दिसायचीच नाहीत, वाफ दिसायची. मग वाफेतून हळूहळू एकेक गोष्ट वर यायची. मोठाली तीन भांडी, ढवळायच्या लांब काठ्या, मिठाचं पोतं, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेल्या दोऱ्यांवर लोकांचे कपडे. विटलेले कोट, उन्हाने रंग उडालेले पडदे, कुणाचा तरी आवडता पण डाग पडलेला झगा. सगळे रंग बदलून घ्यायला आलेले. त्यांच्यातून ठिबकणारं पाणी फरशीवरून वाहत जायचं, कधी जांभळं, कधी हिरवं, आणि दुपारच्या उन्हात असं चमकायचं की त्यावर पाय ठेवायला मन धजू नये.

दुकान दोन बहिणींचं. वडील रंगारी होते. ते गेले आणि दुकान यांच्याकडे आलं. थोरली अठ्ठावन्नची, धाकटी पन्नासची. थोरली गिऱ्हाइकांशी बोलायची, धाकटी रंग करायची. आणि रंग असा करायची की परगावाहून माणसं कपडे घेऊन येत. एक बटण आणून ठेवा, त्या बटणाच्या रंगाचा कोट घेऊन जा. त्या बाबतीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बाकीच्या बाबतीत मात्र तिचा हात धरूनच ठेवावा लागायचा, आणि ते काम गेली तीस वर्षं थोरलीकडे होतं.

धाकटीच्या जगात माणसं दोनच प्रकारची. एक देवमाणूस, दुसरा हलकट. सकाळचा देवमाणूस संध्याकाळपर्यंत हलकट व्हायचा, आणि त्यासाठी त्याला फार काही करावं लागायचं नाही. समोरच्या कॉफीवाल्याने एकदा ती बोलत असताना नुसतं घड्याळाकडे बघितलं. झालं. "त्याला माझा कंटाळा आलाय," असं म्हणून ती पाच महिने त्या बाजूला मान वळवेना. नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळणारे एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना सगळे कपडेपटवालेच म्हणत. हा मनुष्य एका वर्षात तीनदा दुकानाबाहेर हाकलला गेला आणि चारदा सख्ख्या भावासारखा मानला गेला. बिचारे दारात थांबून आधी थोरलीला खुणेने विचारायचे, आज मी कोण?

लांबून हसायला ठीक आहे. एका छपराखाली राहिलं की हसू आटतं. धाकटीचा राग तासभर टिकायचा, आणि मग जी शरम यायची ती दोन-दोन दिवस. तेव्हा ती उठायची नाही, खायची नाही, भिंतीकडे तोंड करून पडायची. गल्लीने तिचं नाव पारा ठेवलं होतं. "आज पारा किती?" असं एकमेकांना विचारून लोक कपडे टाकायला यायचे. तिने रबरी मोजे कोपरापर्यंत का चढवलेत, हे मात्र कुणी विचारलं नाही. रंगासाठी, हे खरंच. पण मोज्याखाली जुन्या खुणा होत्या, आणि त्या दुसऱ्या कुणी केलेल्या नव्हत्या.

तीस वर्षांत थोरलीने एक युक्ती शोधून काढली होती. "जाते" हा शब्दच तोंडातून काढायचा नाही. बाहेर जायचं असलं की चपला हातात घेऊन मागच्या दाराने सटकायचं. किंवा "आलेच हं" म्हणायचं आणि तीन तासांनी उगवायचं. तिला वाटायचं, आपण वादळ टाळतोय. खरं तर ती वादळ पेरत होती, पण हे तिला सांगणार कोण? नवरा होता तोवर तो सांगायचा, त्यालाही जाऊन बारा वर्षं झाली होती. लेकीच्या लग्नात धाकटीचा फोन आला आणि नवरीची आई भर समारंभातून उठून गाडीत बसली. पहिली नात झाली तेव्हा दुसऱ्याच दिवशी परतली. ती नात आता चार वर्षांची होती आणि हिला "फोनमधली आजी" म्हणायची.

आता लेकीला दुसरं होणार होतं. तिने फोनवर सांगितलं, "आई, येणार असशील तर आठ दिवस पूर्ण ये. मावशीचा फोन आला की बॅग भरणार असशील, तर येऊच नकोस. मी पुन्हा बोलावणार नाही."

ती रागाने बोलली असती तर थोरलीने सोडून दिलं असतं. राग तिला सवयीचा होता. पण लेक थकून बोलली, आणि ते तिच्या काळजात रुतलं.

दोन वर्षांपूर्वी, धाकटीला दवाखान्यात ठेवावं लागलं होतं तेव्हा, एक डॉक्टरीणबाई भेटल्या होत्या. केस पिकलेले, आवाज असा की ऐकताना झोप यावी. त्यांनीच पहिल्यांदा या सगळ्याला नाव दिलं. बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार.

"म्हणजे वेड?" थोरलीने विचारलं.

"नाही."

"मग नाटक करते का ही?"

"तेही नाही." बाई म्हणाल्या. "तुम्ही बाहेर गेलात तरी घर जागेवर आहे, हे तुम्हाला आतून ठाऊक असतं. हिला ते ठाऊक राहत नाही. तुम्ही दाराबाहेर पडलात की हिच्या मनातून तुम्ही पुसल्या जाता. मग जी भीती येते ना, तिच्यापेक्षा राग बरा वाटतो."

"बरं होतं हे?"

"सावकाश होतं. पुष्कळांचं होतं."

धाकटी तिथेच बसून सगळं ऐकत होती. घरी आली, एका भांड्याखाली आग पेटवली, पाण्याला आधण येईपर्यंत काठी हातात घेऊन उभी राहिली. मग वाफेतून तिचा आवाज आला, "ताई, म्हणजे मी वाईट नाहीये?"  थोरलीने रंगाच्या डब्यांच्या फडताळात तोंड घातलं आणि पोटभर रडून घेतलं.

पट्टीची गोष्ट धाकटीनेच काढली. रंगाऱ्यांचा एक नियम असतो. ओलं कापड नेहमी गडद दिसतं. म्हणून आधी एक लहान पट्टी बुडवायची, दोरीवर टांगायची, आणि ती वाळेपर्यंत रंगाबद्दल एक शब्द बोलायचा नाही. चांगला नाही, वाईट नाही, काहीच नाही. गिऱ्हाईक कितीही नाचलं तरी वडील फक्त दोरीकडे बोट दाखवायचे. धाकटीने हे डॉक्टरीणबाईंना सहज सांगितलं, तर बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"राग आला की हेच केलंत तर?"

तेव्हापासून दुकानात एक वेगळी दोरी आली. कुणाचा राग आला की धाकटी, जो रंग उकळत असेल त्यात एक पट्टी बुडवायची, चिमट्याने लावायची, वर पेन्सिलीने नाव लिहायची आणि पट्टी वाळेपर्यंत तोंड मिटून बसायची. नेहमी जमायचं असं नाही. एकदा पट्टीच काठीसकट कपडेपटवाल्यांच्या अंगावर आली. पण महिन्यात दोनदा, मग चारदा, मग बरेचदा जमू लागलं.

आणि थोरलीला बाईंनी वेगळा अभ्यास दिला. जायचं ते सांगून जायचं, आणि सांगितलेल्या वेळेला यायचं. आधी दहा मिनिटं. मग तास. मग अर्धा दिवस. "उशीर चालणार नाही," बाई म्हणाल्या. "आणि लवकर आलात तरी चालणार नाही."

"लवकर यायला काय हरकत आहे?"

"लवकर येणं म्हणजे तिला सांगणं, की तुला जमणार नाही हे मी धरूनच चालले होते."

थोरलीने मान डोलावली. मान डोलावणं सोपं असतं.

असं करत करत आठ दिवसांपर्यंत गाडी आली. निघताना थोरली पुढच्या दारातून निघाली, चपला पायात घालून. "गुरुवारी पाच वाजता येते," ती म्हणाली. धाकटीने पेन्सिल घेतली आणि दाराच्या चौकटीवर लिहिलं: गुरुवार, पाच. मग तोंड फिरवून ती काठीने रंग ढवळायला लागली, इतक्या जोरात की भांड्यातलं पाणी बाहेर आलं.

लेकीकडचे आठ दिवस थोरलीला नंतर नीट आठवेनात. पांढऱ्या खोलीत पांढरं ऊन, दुपट्यात गुंडाळलेली नवी नात, तिच्या टाळूचा वास. मोठी नात दाराआडून बघत होती. तिसऱ्या दिवशी जवळ आली, पाचव्या दिवशी मांडीवर झोपली. "तू फोनमधून बाहेर आलीस?" तिने विचारलं. बाळ निजलं की थोरलीलाही पेंग यायची, आणि त्या पेंगेत खोलीभर वाफ पसरायची. वाफेत धाकटी पाठमोरी उभी असायची. थोरली हाक मारायची, आणि ती वळायच्या आत जाग यायची. रोज सकाळी नऊला फोन. धाकटी बोलायची, चिडायची, एकदा फोन आपटला, दहा मिनिटांनी स्वतःच केला. सगळं रीतसर चाललं होतं. पण शेवटच्या दिवशी ती फक्त "ठीक आहे" म्हणाली. सपाट आवाजात. इतकंच.

ते दोन शब्द ऐकले आणि थोरली बॅग भरायला लागली. दुपारची गाडी पाचला बरोबर पोचवणार होती. तिने सकाळची पकडली. लेकीला म्हणाली, गर्दी कमी असते. लेकीने तिच्याकडे बघितलं आणि बाळाला थोपटत राहिली. आठ दिवस पूर्ण झाले होते, तिला बोलायला जागा नव्हती. पण दोघींनाही कळलं होतं.

एक वाजता थोरली गल्लीत शिरली. दुकानासमोर आली आणि तिचा पाय अडला. समोर चौकटीवर अक्षरं होती: गुरुवार, पाच. ती गर्रकन वळली आणि कॉफीच्या दुकानात शिरून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली, बॅग पायाशी, पदर कपाळावर ओढून. चोरासारखी, स्वतःच्या घरासमोर! कॉफीवाल्याने भुवया उंचावल्या, कॉफी आणून ठेवली, आणि शहाण्यासारखा गल्ल्याकडे वळला.

दुकानाच्या काचेवर वाफ होती. काच मधूनच पुसल्यासारखी व्हायची, मधूनच दुधाळ. आवाज काही येत नव्हता. धाकटी दिसली: उभी, हातात काठी, मोजे कोपरापर्यंत. थोरलीचा जीव भांड्यात पडला. मग वाफेतून दुसरी आकृती निघाली. कपडेपटवाले. त्यांच्या अंगावर लाल झगा होता, राजाचा, काल-परवा रंगवलेला असावा. ते हात उडवत होते. छातीवर हात मारत होते. झग्याचं टोक धरून हवेत झटकत होते.

रंग फसला, थोरलीच्या मनात आलं. ते चिडलेत. आता ही चिडणार.

धाकटी काचेकडे वळली होती. क्षणभर तशीच उभी राहिली, आणि तिने हातातली काठी फेकली. भांड्यावर आपटून ती खाली पडली असावी. इथून फक्त वाफेचा एक लोट उसळलेला दिसला.

थोरली उठली. तीस वर्षांचं वळण होतं ते, पाय आपोआप उठतात. आता रस्ता ओलांडायचा, दार ढकलायचं, कपडेपटवाल्यांची माफी मागायची, धाकटीला मिठीत घट्ट धरायचं, आणि मग सगळं पहिल्यासारखं. आठ दिवस, दोन वर्षं, दहा मिनिटांपासून केलेला सगळा अभ्यास, सगळं पाण्यात. पुढच्या बोलावण्याला ती काय सांगणार होती लेकीला? आणि चौकटीवरच्या अक्षरांना?

ती खुर्चीची पाठ धरून उभी होती.  मग ती बसली. बसताना तिला जितका त्रास झाला तितका बाळंतपणात झाला नव्हता, हे तिने पुढे लेकीला हसत सांगितलं, पण तेव्हा हसू कुठलं.

काच पुन्हा दुधाळ झाली. पुन्हा पुसली गेली तेव्हा धाकटी खास दोरीपाशी होती. तिने एक पट्टी लावली. काळीकुट्ट. वर पेन्सिलीने काही लिहिलं, पण इतक्या लांबून वाचता येईना. मग तिने स्टूल ओढलं आणि पट्टीखाली बसली. हात मांडीवर. कपडेपटवाले जवळ येऊन वाकले, काही बोलले. तिने दोरीकडे बोट दाखवलं, अगदी वडिलांसारखं. ते मागे सरकले.

दुपार लांबत गेली. ऊन रस्त्यावरून चढून कॉफीच्या दुकानात आलं, थोरलीच्या पायांवर बसलं. तिची पापणी जड झाली. अर्धवट झोपेत तिला दोरीवर सगळ्या गल्लीची माणसं टांगलेली दिसली, ओली, गडद, एकेकाच्या अंगातून पाणी ठिबकतंय, आणि खाली स्टुलावर धाकटी बसलीय, कुणाला काही न बोलता, सगळे वाळेपर्यंत. तिला जाग आली तेव्हा कपडेपटवाले बगलेत गठ्ठा मारून निघाले होते. दारात वळून त्यांनी हात हलवला. आतूनही एक रबरी मोजा हलला.

पाचला दोन मिनिटं कमी असताना तिने तोंड धुतलं. पाचच्या ठोक्याला दार ढकललं.

"आले गं," ती म्हणाली.

धाकटी वळली नाही. ती मोजे काढून दोरीवर टाकत होती. दोरीवर पट्ट्या होत्या, थोरलीने न मोजता मोजल्या, सतरा. पेन्सिलीची अक्षरं: दूधवाली. डॉक्टरीणबाई. ताई. ताई. कॉफीवाला. ताई. ताई.

"काय म्हणतंय दुकान?" थोरलीने जमेल तितक्या साधेपणाने विचारलं. "कपडेपटवाले आले होते वाटतं? झग्याचा रंग फसला का?"

"फसायला काय झालं? खूश होते." धाकटी अजून पाठमोरीच. "नाटक कसं संपतं ते सांगत होते. राजा कसा मरतो ते करून दाखवत होते. दोनदा मेले."

थोरली दोरीपाशी गेली. तिने त्या शेवटच्या पट्टीकडे बघितलं. ती आता काळी नव्हती. संध्याकाळच्या आभाळासारखी निळी होती, जरा राखाडीकडे झुकणारी. तिच्यावरचं नाव दोरीच्या पलीकडल्या बाजूला होतं.

"मग ही कुणाची?"

धाकटीने चिमटा काढला, पट्टी तिच्या हातात दिली. पेन्सिलीने लिहिलं होतं: ताई, एक वाजता.

"मी काच पुसली, तर तू समोर," धाकटी म्हणाली.  "म्हटलं, हिला माझा भरवसा नाही. म्हटलं, दार लावून घेते आणि पाचला आली तरी उघडत नाही. काठी फेकली मी. तू उठलीस. म्हटलं, आली आता, झालं. आणि मग तू बसलीस. उठून, परत बसलीस. ते पण बघितलं मी."

थोरली रडायला लागली. लपवायला फडताळ लांब होतं, म्हणून तिथेच, उघड्या तोंडाने, पट्टी छातीशी धरून. "चुकलं माझं," ती म्हणाली. "भीती वाटली गं मला."

"मला पण." धाकटीने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. डोळे लाल होते, वाफेने की कशाने कोण जाणे. "वाळायला तीन तास लागले त्या पट्टीला. आज हवाच नाही. पण रंग बघ. वाईट नाही."

"नाही," थोरली म्हणाली. "वाईट नाही."

धाकटीने तिच्या हातातली बॅग घेऊन आत ठेवली. मग ओल्या फडक्याने चौकटीवरची अक्षरं पुसली, आणि पेन्सिल कानामागे खोचून विचारलं, "बाळाचं बारसं कधी ठरलंय? जाशील ना? तेव्हा मात्र पाच म्हणालीस, तर पाचला पोचणाऱ्याच गाडीने ये."